अहमदाबादला एक सकाळ आणि गाड्यांचा वेडा मुलगा: काय पाहाल, कसं शोधाल

भुसावळच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: डिसेंबरात भाचीच्या लग्नासाठी अहमदाबादला जाणं आहे. लग्न सोडून हातात जेमतेम एक सकाळ, आणि सोबत बारा वर्षांचा मुलगा, गाड्यांचा वेडा. तिथे जुन्या गाड्यांचं संग्रहालय आहे असं ऐकलं. नेमकं कुठे, आणि एवढ्या वेळात होईल का? मे महिन्यात पुण्यालाही जायचं आहे, तिथे काय आहे? आणि नव्या शहरात गेल्यावर असं काही शोधायचं तरी कसं?

सर, आधी थेट उत्तर देतो. अहमदाबादला जाताय तर कठवाड्याचं ऑटो वर्ल्ड चुकवू नका. शहराच्या पूर्वेला, सरदार पटेल रिंग रोडच्या बाजूला दास्तान इस्टेट आहे, तिथे. कालूपूर स्टेशनपासून साधारण 12-15 किलोमीटर पडतं. आपल्याकडून सुरत लाइनने, म्हणजे अमळनेर-नंदुरबारवरून गाडीने उतरलात की सामान लग्नघरी टाका, आंघोळ-चहा उरका आणि संग्रहालय उघडायच्या वेळेला दारात हजर राहा. हे पोहोचल्या पोहोचल्या करा. लग्नघरात एकदा माणूस पंगतीला बसला की पुढचे दोन दिवस त्याचे राहत नाहीत. हळद, मांडव, पाहुणे, आणि मग परतीच्या दिवशी 'आता कुठे जाता, गाडी चुकेल' असं सगळेच म्हणतात. एक सकाळ पुरते. घाई न करता तीन तास धरा, जाण्यायेण्याचा दीड तास वेगळा.

मी जळगावला जुन्या गाड्यांचं काम करतो, इंजिन खाली घेण्यापासून पत्रा ठोकण्यापर्यंत. सुट्या भागांसाठी अहमदाबाद, मुंबई, पुणे अशा वाऱ्या चालूच असतात. काम आटोपल्यावर गाडी सुटेपर्यंत जो वेळ उरतो, त्यात मी ही ठिकाणं पाहत आलो. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते आधी देतो.

नव्या शहरात 'कार म्युझियम' असं मोबाइलवर टाकलं की लग्नाला विंटेज गाडी भाड्याने देणारे, गाड्या धुणारे आणि शोरूमवाले पुढे येतात. म्हणून शोध उलट्या बाजूने घ्यावा. या शहरात पूर्वी गाड्या ठेवण्याची ऐपत कोणाची होती, हे स्वतःला विचारा. राजाची, लष्कराची, गिरणीमालकाची किंवा उद्योगपतीची, बस-ट्राम चालवणाऱ्या कंपनीची, रेल्वेची, नाहीतर एखाद्या मोठ्या देवस्थानाची. देशातले जवळजवळ सगळे चांगले संग्रह या पाच-सहा दारांतून निघालेले आहेत. उदयपूरला राजघराणं होतं, म्हणून तिथे मेवाड संस्थानाच्याच जुन्या मोटार गॅरेजमध्ये 2000 सालापासून संग्रहालय आहे. कोइमतूरला जी. डी. नायडू यांच्यासारखा यंत्रवेडा उद्योजक होऊन गेला, म्हणून तिथे अविनाशी रोडवर त्यांच्या नावाच्या न्यासाचं जीडी कार म्युझियम 2015 मध्ये उघडलं. कर्नाटकात धर्मस्थळाच्या धर्माधिकाऱ्यांना गाड्या जमवायचा नाद, म्हणून देवाच्या गावात गाड्यांचं दालन. नगरला लष्कराचं चिलखती दळाचं केंद्र, म्हणून तिथे रणगाडे. शहराचा इतिहास थोडा आठवला की कोणतं दार ठोठवायचं ते कळतं. मग नकाशावर 'पॅलेस गॅरेज', 'ट्रान्सपोर्ट म्युझियम', 'टँक म्युझियम', 'हेरिटेज' असं टाका. 'कार' हा शब्द कित्येकदा त्या ठिकाणाच्या नावातच नसतो.

ठिकाण सापडलं की दोन गोष्टी तपासा. पहिली, साप्ताहिक सुट्टी. आपल्याकडची बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि लग्नं-मुंज आटोपून लोक नेमके सोमवारीच मोकळे होतात. दुसरी, लोकांनी टाकलेल्या फोटोंच्या तारखा. नकाशावर 'उघडं आहे' असं हिरव्या अक्षरात दिसतं त्यावर विसंबू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणी आतले फोटो टाकलेत का ते पाहा. नंतर वाईट शेरे वाचा, कौतुकाचे नको. 'एवढ्या लांब गेलो आणि दुरुस्तीसाठी बंद' असं जे कोणी रागाने लिहिलेलं असतं, ते तुमच्या कामाचं. आणि शेवटी फोन. फोनवर तिकिटाचा दर विचारण्याआधी 'उद्या सगळी दालनं उघडी आहेत ना' हे विचारा. एखादं दालन समारंभासाठी दिलेलं असू शकतं. कॅमेऱ्याचे पैसे वेगळे आहेत का आणि मोबाइलने फोटो चालतात का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

आता कठवाड्याकडे वळतो. हा संग्रह मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांचा. ते 2011 मध्ये गेले. शंभरावर गाड्या आहेत: रोल्स-रॉइस, बेंटली, डेमलर, लॅगोंडा, पॅकार्ड, कॅडिलॅक, मर्सिडीज. शिवाय बग्ग्या आणि घोडागाड्या. शेडमध्ये गाड्या ओळीने उभ्या आहेत, काचेच्या पेटीत नाहीत, म्हणून जवळून पाहता येतात. जुन्या गाडीतून पैसे भरून छोटी फेरी मारायची सोय तिथे राहिलेली आहे. फोन कराल तेव्हा त्या दिवशी ती आहे का ते विचारून ठेवा. मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला त्या फेरीचं मोल संग्रहालयाच्या तिकिटाहून जास्त वाटेल.

पण शंभर गाड्या तीन तासांत पाहणं म्हणजे एकही न पाहणं. पहिला अर्धा तास भराभर पूर्ण फेरी मारा, मग मुलाला म्हणा, यातल्या चार गाड्या तू निवड. उरलेला वेळ त्या चार गाड्यांपाशी घालवा. आणि प्रत्येक गाडी खालून वर पाहायला शिकवा, कारण सगळे लोक बॉनेटवरच्या मूर्तीपाशी फोटो काढतात आणि पुढे जातात.

खालून म्हणजे अगदी जमिनीपासून. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे किंवा पुठ्ठा ठेवलाय का बघा. त्यात तेलाचे ताजे, सोनेरी थेंब असतील तर ती गाडी जिवंत आहे, अधूनमधून चालू होते. काळं वाळलेलं डांबर असेल तर बऱ्याच दिवसांत तिला कोणी हात लावलेला नाही. ट्रे कोरडा ठणठणीत असेल तर बहुधा इंजिनात तेलच नाही. जुन्या इंजिनांना आजच्यासारखे रबरी ऑइल सील नसायचे. दोरीची पॅकिंग, नाहीतर शाफ्टवर उलट्या आट्या काढून तेल परत आत ढकलायची युक्ती असे. त्यामुळे थेंबभर तेल गळणं हा त्या गाड्यांचा दोष धरत नाहीत. मी कोणत्याही संग्रहात गेलो की पहिल्यांदा वाकून ट्रे बघतो. तिथल्या कारागिरांची गाठ घेण्यासारखी आहे की नाही ते त्यावरून समजतं.

मग चाक. लाकडी आऱ्यांचं चाक दिसलं तर आरी आणि धाव यांचा सांधा बघा. लाकूड वाळलं की चाक करकरतं. म्हणूनच आपल्यासारख्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात लाकडी चाकांच्या गाड्यांचे हाल होत. पुढे तारांच्या आऱ्या आल्या, मग दाबून काढलेलं पत्र्याचं चाक. एकाच शेडमध्ये हे तिन्ही शेजारीशेजारी दिसतं.

रेडिएटरच्या खाली, पुढच्या बंपरच्या मधोमध एक भोक असतं. ते हँडल मारायचं. मळ्यातलं जुनं डिझेल इंजिन हँडलने चालू करताना मुलाने पाहिलं असेल तर लगेच कळेल. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत उलटा वळवायचा नाही; इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा जातो. बटणाने चालू होणारा सेल्फ 1912 मध्ये कॅडिलॅकने आणला, चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरचं ते काम. त्यानंतरही कितीतरी वर्षं भोक राहिलं, बॅटरीचा भरवसा नव्हता म्हणून. आपल्या अॅम्बॅसेडरलाही हँडल लागायचं.

दिवे पाहताना पितळेचे मोठे दिवे दिसले तर त्यांना वायर आहे की रबरी नळी ते शोधा. नळी असेल तर तो कार्बाइडचा दिवा. एका डब्यात कॅल्शियम कार्बाइड, वरून थेंब थेंब पाणी, त्यातून ॲसिटिलीन वायू, तो नळीने दिव्यात. रात्री निघायचं तर आधी डबा भरायचा, मग काडी लावायची. असल्या दिव्याचं पितळी कवच चेपलेलं असेल तर ते सरळ करणं पत्राकामवाल्याचं काम नव्हे, तांबटाचं. मी अशी कामं सोनगीरला नेतो. आग्रा रोडवरच्या त्या गावात तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे कारागीर आहेत, आणि गोल पत्रा आतून लाकडी हातोडीने उठवायची त्यांच्या हाताची सवय कोणत्याही डेंटिंगवाल्याकडे नाही. धुळ्याला कधी गेलात तर मुलाला सोनगीरला घेऊन जा. मोटारीशी थेट संबंध नाही, पण जुन्या गाड्यांचे दिवे आणि रेडिएटर कसे घडले ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

चकाकणाऱ्या पट्ट्यांचा रंगही नीट पाहा. थोडी पिवळसर, मऊ चमक असेल तर ते निकेल. निळसर, आरशासारखी थंड चमक असेल तर क्रोम. क्रोमचा मुलामा सर्रास झाला तो 1930 च्या आगेमागे. 1922 च्या पाटीखाली झगझगीत क्रोम दिसलं, तर ते नंतर कोणीतरी चढवलेलं आहे असं समजा. मुलाला हा खेळ फार आवडेल: पाटी झाकायची, आधी चमक पाहून साल सांगायचं, मग पाटी वाचायची.

आणि एक गोष्ट तिथे जायच्या आधी त्याला हायवेवर दाखवा. आपल्या धुळे-जळगाव रस्त्यावरून नुसते सांगाडे पळताना दिसतात: इंजिन, चाकं, दोन लांब बीम, वर एक सीट आणि तोंडाला रुमाल बांधलेला ड्रायव्हर. कारखान्यातून निघालेली ट्रकची चेसिस. तिच्यावर केबिन आणि बॉडी पुढे बॉडीवाला चढवतो, लाकूड, पत्रा आणि रंग मालकाच्या पसंतीने. शंभर वर्षांपूर्वीची रोल्स-रॉइस अशीच विकली जायची. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कंपनी फक्त चेसिस द्यायची, आणि हूपर, बार्कर, थ्रप अँड मॅबर्ली यांच्यासारखे बॉडीवाले वरची बॉडी बांधायचे. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन रोल्स एकमेकींसारख्या दिसत नाहीत. एखाद्या राजाला शिकारीसाठी उघडी गाडी आणि मोठा सर्चलाइट हवा, दुसऱ्याला राणीसाठी पडद्यांची. दाराच्या उंबऱ्यावर, पाय ठेवतो तिथे, बॉडीवाल्याची छोटी पाटी ठोकलेली असते. ती शोधायला लावा. हे एकदा लक्षात आलं की मुलगा परत येताना प्रत्येक ट्रककडे वेगळ्या नजरेने पाहील.

हात लावू देऊ नका, एवढं मात्र कडक सांगा. घामातल्या मिठाने पितळेवर आणि जुन्या रंगावर बोटांचे डाग कायमचे बसतात. बॅगेचं बक्कल आणि पँटचा पट्टा हेही ओरखडे काढतात. दोन गाड्यांच्या मधून जाताना बॅग पुढे धरायची.

पुण्याबद्दल. गाड्या बनवणाऱ्या शहरात गाड्यांचं मोठं संग्रहालय असेलच, असं सगळे धरून चालतात. पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, चाकण इथले कारखाने वाटेवरच्या माणसाला आत घेत नाहीत. शाळा-कॉलेजच्या गटांना आधी पत्र देऊन कधी परवानगी मिळते, ती तुम्ही शिक्षक म्हणून शाळेच्या नावाने मागून बघू शकता. पण मे महिन्यात त्या मागे लागू नका. त्याऐवजी वाटेत नगरला उतरा.

भुसावळहून पुण्याला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मनमाडवरून नगर, दौंड अशी जाते. म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) तुमच्या रस्त्यातच आहे. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम लष्कराच्या चिलखती दळाच्या केंद्राने 1994 मध्ये उभं केलं. झाडीत, उघड्यावर जवळपास पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत: ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, अमेरिकन शर्मन, जपानी हलके रणगाडे, 1965 च्या लढाईत पाडाव केलेला पॅटन, आणि आपल्याकडे, चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बनलेला विजयंता. मोटारवाल्याने मात्र आधी एकच गोष्ट शोधावी: रोल्स-रॉइसची चिलखती गाडी. खाली कंपनीच्या सिल्व्हर घोस्ट या मोटारीचीच चेसिस, तेच सहा सिलिंडरचं, शांत चालणारं इंजिन, आणि वर पोलादी कवच आणि मशीनगनचा घुमट. कठवाड्याला रोल्सच्या ज्या चेसिसवर राजाची गादी पाहिली, तशाच चेसिसवर इथे घुमट दिसतो. म्हणून ही दोन ठिकाणं, मध्ये पाच महिने गेले तरी, एकाच मुलाला दाखवण्यासारखी आहेत. लष्करी भाग आहे, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि मे महिन्यात सकाळी लवकरच जा. उन्हात रणगाड्याच्या पत्र्याला हात लागला तर भाजतं.

पुण्यात उरलेल्या वेळासाठी कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. फोन करून, वेळ ठरवून जा. दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपरची घडीची सायकल बघताना मुलगा तिथेच बसून राहील. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तेही मोटारींचं नव्हे, पण घरातल्या सगळ्यांना आवडतं. मला स्वतःला नाना पेठ जास्त आवडते. दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने. लुनाचा, राजदूतचा, चेतकचा पार्ट मागितला की दुकानदार नुसतं तोंडाकडे न बघता आत जाऊन काहीतरी घेऊन येतो. आणि रविवार-बुधवारचा जुना बाजार. तिथे जुनी मीटरं, हॉर्न, पाने, कुलुपं जमिनीवर पसरलेली असतात. मुलाला पन्नास-शंभर रुपये द्या आणि त्याच्या पसंतीची एक वस्तू घेऊ द्या. मीटर घेतलं तर घरी खोलून बघता येतं.

मुंबईला जाणं झालं तर बेस्टचं संग्रहालय आणिक आगारात आहे. 1874 ची घोड्यांची ट्राम, 1907 ची विजेची, 1926 ची पहिली मोटारबस आणि 1937 ची पहिली डबलडेकर, हा प्रवास तिथे नमुन्यांतून आणि जुन्या वस्तूंमधून दिसतो. ट्राम 1964 मध्ये थांबली, जुनी डिझेल डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये. वेळा बदलत असतात, आधी विचारून जा. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात जुनी ट्राम आणि वाफेवर चालणारी लॉरी आहे. वाफेची लॉरी बहुतेक लोक बाजूने निघून जातात. तुम्ही थांबा, बॉयलर कुठे आणि चाकाला फिरती कशी मिळते ते मुलाला शोधू द्या.

दिल्लीकडे गेलात तर गुडगावच्या पुढे तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. 2013 मध्ये उघडलं, पालखीपासून विमानापर्यंत सगळं एका छताखाली, आणि सोमवारी बंद. दिल्लीतून जाऊन येऊन पूर्ण दिवस लागतो, अर्ध्या दिवसात जमवायला जाऊ नका. हैदराबादला बहादूरपुऱ्यात सुधा कार्स आहे, बॅट, बूट, पेन अशा आकारांच्या चालणाऱ्या गाड्या. लहान मुलांसाठी ठीक. जुन्या गाड्यांच्या शोधात असाल तर तिथे त्या मिळणार नाहीत.

आपल्याकडची बरीच मुलं आता जर्मनीला नोकरीला आहेत, आई-बाबा भेटायला जातात, म्हणून स्टुटगार्टचंही सांगतो. मर्सिडीजच्या संग्रहालयात लिफ्ट आधी सगळ्यात वर नेते, 1886 च्या काळात, आणि मग वळणावळणाने उतरत आपण आजपर्यंत येतो. सगळं बघायचा आग्रह न धरता वरचे दोन मजले नीट बघा, खालचे चालता चालता. पोर्शचं संग्रहालय लोकल स्टेशनच्या दारातच आहे. दोन्ही सोमवारी बंद.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा रॅलींचा मोसम असतो. मुंबई, पुणे, बडोदा, इंदूर, जिथे जुन्या गाड्यांचे क्लब आहेत तिथे थंडीत रॅली निघते. मुक्कामाची तारीख तिच्याशी जुळली तर संग्रहालय सोडून रॅलीला जा. सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहून गाड्या जाताना बघतात. त्यापेक्षा निघायच्या तासभर आधी सुरुवातीच्या जागी पोहोचा. बॉनेट उघडी असतात, मेकॅनिक प्लग साफ करत असतात, मालक गाडीबद्दल बोलायला उत्सुक असतात. कुठल्या गाडीच्या नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर ती 2021 च्या केंद्रीय नियमाने विंटेज म्हणून नोंदलेली गाडी आहे: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर येते.

राहता राहिलं आपलं खान्देश. इथे मोठं संस्थान नव्हतं, त्यामुळे राजाचं गॅरेज शोधून सापडणार नाही. इथे गाड्या होत्या त्या कापसाच्या व्यापाऱ्यांकडे, जिनिंगवाल्यांकडे आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागायतदारांकडे, आणि त्यांनी त्या झिजेपर्यंत वापरल्या. लष्कराने काढून टाकलेल्या विलीज जीप, मग महिंद्राच्या जीप, मॅटाडोर, मिनीडोर. त्यातल्या काही अजून गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभ्या आहेत. ओळखीच्या कुणाच्या मळ्यात अशी जीप असेल तर मुलाला आधी तीच दाखवा, आणि मालकाला बॉनेट उघडायला सांगा. जीपमध्ये सगळं उघडं असतं: कार्बोरेटर, डायनामो, पंप, स्टेअरिंगचा बॉक्स. हे एकदा हाताखालून गेलं की कठवाड्याच्या रोल्सचं बॉनेट बंद असलं तरी आत काय असेल त्याचा अंदाज त्याला बांधता येतो.

फिएट चालवलेले जुने ड्रायव्हर तुमच्या ओळखीत असतील तर त्यांना मे महिन्यातल्या घाटाची गोष्ट विचारा. इंजिनाच्या उष्णतेने, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपातच त्याची वाफ व्हायची, वाफेने पेट्रोल अडायचं, आणि गाडी चढावर बंद पडायची. मग इंजिनाजवळच्या त्या पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं, की गाडी पुन्हा चालू. हे कुठल्याही संग्रहालयाच्या पाटीवर लिहिलेलं मिळणार नाही. पद्मिनी, म्हणजे तीच फिएट, अनेक संग्रहांत उभी दिसते. मुलाला पंप इंजिनाला किती चिकटून आहे ते दाखवा, कारण लगेच लक्षात येईल.

जत्रेतला मौत का कुवाही मी यातच धरतो. आपल्याकडच्या मोठ्या जत्रांना लाकडी फळ्यांची ती उभी विहीर लागते आणि त्यात जुन्या येझदी आणि मारुती 800 भिंतीवर फिरतात. खेळ सुरू व्हायच्या आधी जाऊन गाड्या खालून बघू द्या. अनावश्यक भाग बरेच काढून वजन हलकं केलेलं असतं. वेग कमी झाला की चाकाची भिंतीवरची पकड का सुटते, हे सर तुम्हीच त्याला माझ्याहून चांगलं समजावाल. वर कठड्याला रेलून मात्र उभं राहू देऊ नका, अख्खी विहीर हलते.

आता लग्नाच्या धावपळीत कठवाडा जमलंच नाही, किंवा फोनवर कळलं की त्या दिवशी बंद आहे, तर काय? मुक्कामात रविवार येतोय का बघा. एलिस ब्रिजजवळ साबरमतीच्या काठी रविवारी गुजरी बाजार भरतो. जुनी हत्यारं, पाने, हॉर्न, घड्याळं, मोटारींचे सुटे भाग, सगळं जमिनीवर मांडलेलं असतं. सकाळी लवकर जा, सुटे पैसे खिशात ठेवा, आणि जे घ्याल ते तिथेच फिरवून, दाबून बघा. ब्रिटिश मापाचे जुने पाने दिसले तर माझ्यासाठी एक संच बाजूला काढून ठेवायला सांगा; त्या मापाचे पाने आता जळगावात मिळत नाहीत.